हवामानबदलाच्या बातम्या आणि लोकमानस

पावसाळ्याच्या चार महिन्यांत पुण्यातील बातम्यांना रंग चढतो. पिवळा, नारिंगी आणि लाल हे तीन रंग हवामान खात्याच्या इशाऱ्यांतून वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, तेथून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणि अखेर प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर उतरतात. विश्रांतवाडीच्या चौकात सकाळी बसची वाट पाहत उभे असलेले कारकून, शिक्षक आणि विद्यार्थी ‘रेड अलर्ट’ हे दोन शब्द वाचतात, एकवार आभाळाकडे पाहतात, छत्री काखोटीला मारतात आणि आपापल्या कामाला जातात. रजा घेणे परवडत नाही आणि घरी बसून नेमके काय करावयाचे, हेही कोणी सांगितलेले नसते. संध्याकाळपर्यंत पाऊस पडला नाही, तर हवामान खात्याची थट्टा होते. पडला, तर महापालिकेचा उद्धार होतो. दुसऱ्या दिवशी नवी बातमी येते आणि कालची विसरली जाते.

या नित्याच्या दृश्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. हवामानबदलाविषयी आज जेवढे लिहिले, बोलले आणि दाखविले जाते तेवढे पूर्वी कधीच जात नव्हते. एवढ्या माहितीच्या माऱ्याने वाचकाच्या मनात काय घडते? तो जागा होतो, भयभीत होतो, की हळूहळू बधिर होतो? पुण्याला तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. हवामान खात्याचे कार्यालय १९२८ साली शिमल्याहून येथे आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर अजूनही ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. उष्णदेशीय हवामानविज्ञानाची राष्ट्रीय संस्था १९६२ पासून याच शहरात आहे. जेथे देशाच्या पावसाचे गणित मांडले जाते, तेथील सामान्य नागरिकाला त्या गणिताचा उपयोग होतो की केवळ धसका बसतो, हे तपासून पाहणे आवश्यक आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हवामानबदल हे वृत्तपत्रांनी उभे केलेले बुजगावणे नव्हे. २०२४ हे मोजमापांच्या इतिहासातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिकीकरणापूर्वीच्या सरासरीपेक्षा त्या वर्षीचे जागतिक तापमान सुमारे दीड अंश सेल्सिअसने अधिक होते. पुण्याच्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. तेव्हा चिंता वाटणे हा मनाचा दुबळेपणा नाही. ही चिंता कोणत्या रूपात वाचकापर्यंत पोचते आणि तेथून पुढे कोठे जाते, हा खरा प्रश्न आहे.

अष्टग्रही, स्कायलॅब आणि मोरवी

बातमीच्या लाटेवर स्वार झालेले भय महाराष्ट्राने यापूर्वीही पाहिले आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. पाणी येत आहे ही सूचना वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत मिळाली नाही, ही खंत त्या पिढीने जन्मभर बाळगली. त्या घटनेला सात महिनेही झाले नव्हते तोच, १९६२ च्या फेब्रुवारीत, आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून जगबुडीची भाकिते वर्तविली गेली. देशभर होमहवने झाली, प्रवास रद्द झाले, लग्ने पुढे ढकलली गेली. ग्रह आले आणि गेले. जगाचे काही बिघडले नाही.

पुढे १९७९ साली अमेरिकेची ‘स्कायलॅब’ ही अंतराळस्थित प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार अशी बातमी आली. ती कोठे पडेल हे कोणालाच नेमके सांगता येत नव्हते आणि त्यामुळे ती आपल्याच गावावर पडेल असे प्रत्येकाला वाटू लागले. शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांच्या तोंडी तोच विषय होता. ११ जुलै १९७९ रोजी तिचे अवशेष हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. कोणालाही इजा झाली नाही. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, ११ ऑगस्ट रोजी, गुजरातेत मोरवीजवळ मच्छू नदीवरील धरण फुटले आणि हजारो माणसे पाण्यात गेली. त्या संकटाची चर्चा आदल्या दिवशी कोठेही नव्हती.

या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. भयाचे प्रमाण आणि धोक्याचे प्रमाण यांचा मेळ असतोच असे नाही. स्कायलॅबविषयी प्रत्येकाला माहिती होती, परंतु त्या माहितीवर करण्यासारखे काहीच नव्हते. मोरवीत करण्यासारखे बरेच होते, निदान उंच जागी तरी जाता आले असते. परंतु माहिती नव्हती. आज हवामानबदलाच्या वार्तांकनात हे दोन्ही दोष एकत्र आलेले दिसतात. दूरच्या प्रलयाची वर्णने स्कायलॅबसारखी सर्वांपर्यंत पोचतात आणि घराजवळच्या नाल्याची बातमी मोरवीसारखी पोचतच नाही. मनावर ताण पडतो तो पहिल्या प्रकाराने. जीव जातो तो दुसऱ्या प्रकाराने.

शब्दांची चलनवाढ

असे का होते, याचे उत्तर काही अंशी बातमीच्या अर्थशास्त्रात सापडते. बातमी ही नाशवंत वस्तू आहे आणि वाचकाचे लक्ष हे दुर्मिळ साधन. ते मिळविण्यासाठी चाललेल्या स्पर्धेत घटनेला किंमत येते, प्रक्रियेला येत नाही. नाला वर्षानुवर्षे बुजत जातो ही प्रक्रिया. एका रात्री तो रस्त्यावर येतो ही घटना. पहिलीला छायाचित्र नसते, म्हणून पानावर जागाही नसते. दुसरीला ‘कहर’, ‘हाहाकार’, ‘थैमान’ यांपैकी एखादा शब्द हमखास लाभतो.

नोटा भरमसाट छापल्या की त्यांची किंमत उतरते, तसेच शब्दांचेही होते. चाळीस मिलिमीटर पावसालाही ‘हाहाकार’ म्हटले, तर २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला पडलेल्या ९४४ मिलिमीटरसाठी भाषेत काही शिल्लक राहत नाही. हवामान खात्याच्या परिभाषेत दिवसाला ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून पुढे ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस मोजला जातो. पिवळ्या रंगाचा अर्थ माहिती घेत राहा, नारिंगीचा तयारीत राहा आणि लालचा प्रत्यक्ष कृती करा. एवढी साधी शब्दकळा वाचकाच्या हाती दिली, तर त्याला बातमीचे वजन स्वतः करता येईल. मथळ्यात मात्र रंग तेवढा उरतो आणि अर्थ गळून जातो.

त्यात आणखी एक भर पडते. पुणे जिल्ह्यात ताम्हिणी आणि लोणावळ्याचा घाटमाथा आहे, तसेच बारामती-इंदापूरचा कोरडा मुलूखही आहे. अनेकदा लाल इशारा असतो तो घाटमाथ्यासाठी. हवामान खाते तसे स्वतंत्रपणे नमूदही करते. परंतु मथळा येतो ‘पुण्याला रेड अलर्ट’. ताम्हिणीत खरोखर धो धो पाऊस कोसळत असताना विश्रांतवाडीत चार शिंतोडे पडतात आणि ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे वाचक पुढच्या हाकेकडे दुर्लक्ष करण्यास शिकतो. येथे भाकीत चुकलेले नसते. ते सांगण्यात कसूर झालेली असते. परंतु विश्वास उडतो तो शास्त्रावरचा.

भय, शीण आणि अगतिकता

या वार्तांकनाचे मनावर होणारे परिणाम एकसारखे नसतात. पहिला परिणाम भयाचा. २०२१ साली ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात दहा देशांतील १६ ते २५ वर्षे वयाच्या दहा हजार युवक-युवतींची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या देशांत भारतही होता. हवामानबदलाने आपण अतिशय किंवा अत्यंत चिंतित आहोत, असे ५९ टक्क्यांनी सांगितले. ७५ टक्क्यांना भविष्य भयावह वाटत होते आणि या भावनांचा दैनंदिन जीवनावर प्रतिकूल परिणाम होतो, असे ४५ टक्क्यांहून अधिक जणांचे म्हणणे होते. ही पाहणी इंटरनेटद्वारा झालेली असल्याने ज्यांच्या हाती ते साधन आहे अशांचाच कौल तीत उमटला, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही तिचा एक निष्कर्ष मोलाचा आहे. आपली सरकारे या प्रश्नाला पुरेसे तोंड देत नाहीत अशी ज्यांची भावना होती, त्यांच्यात मनस्तापही अधिक आढळला. याचा अर्थ असा की तरुणांना संकटाइतकीच वडीलधाऱ्यांची उदासीनताही छळते.

दुसरा परिणाम शिणाचा. एका मर्यादेपलीकडे मन नवे भय स्वीकारीत नाही. अर्थशास्त्रातील घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम येथेही लागू पडतो. पहिली बातमी हादरविते, दहावी नुसती वाचली जाते आणि पन्नासावी ओलांडून पुढे जाण्याकडे कल होतो. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत, जाणूनबुजून बातम्या टाळणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये २९ टक्के होते, ते २०२४ मध्ये ३९ टक्क्यांवर गेले. ही आकडेवारी सर्वच बातम्यांची असली, तरी ज्या विषयाला शेवट नाही आणि ज्यात वाचकाला काही भूमिका नाही, तो विषय सर्वांत आधी टाळला जाणार, हे समजणे अवघड नाही.

तिसरा परिणाम अगतिकतेचा, आणि तोच सर्वांत घातक होय. ध्रुवावरील बर्फ वितळत आहे हे वाचून कारकुनाने काय करावे? वीज जपून वापरा, झाडे लावा, असा उपदेश त्याला मिळतो. ज्याच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा आहे त्याला विजेच्या काटकसरीचा उपदेश करणे म्हणजे दोषाचा भार चुकीच्या खांद्यावर टाकणे होय. अपराधाची जाणीव द्यायची आणि अधिकार मात्र द्यायचा नाही, या व्यवहारातून संताप किंवा थट्टा यांपैकी एकाचाच जन्म होतो.

इशाऱ्याचा पत्ता

मग उपयुक्त बातमी कोणती? ती ठरविण्याची कसोटी सोपी आहे. इशाऱ्याला पत्ता असला पाहिजे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात जे घडले, त्याने ही कसोटी दुःखद रीतीने स्पष्ट केली. रात्रभर मुसळधार पाऊस पडत होता आणि खडकवासल्यातून मुठेत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा विसर्ग सुमारे ३५,००० क्युसेकपर्यंत गेला. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते पाण्यातच. डेक्कन भागात नदीपात्रालगत आपली हातगाडी वाचविण्यास गेलेले तीन तरुण विजेच्या धक्क्याने मरण पावले. वेळेवर कोणी सांगितले नाही, ही रहिवाशांची तक्रार त्रेसष्ट वर्षांपूर्वीच्या तक्रारीसारखीच होती. त्या आठवड्यात पावसाच्या बातम्यांचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो ‘अमुक वाजता अमुक इतके पाणी तुमच्या दारापर्यंत येईल’ या एका वाक्याचा.

विश्रांतवाडीच्या दृष्टीने तर ही गोष्ट अधिकच बोलकी आहे. पाऊस वाढला की सर्व कॅमेरे खडकवासल्याकडे आणि भिडे पुलाकडे वळतात. परंतु ते पाणी मुठेचे. विश्रांतवाडीच्या खालच्या अंगाला वाहते ती मुळा, आणि ती संगमापाशी मुठेला मिळते ती त्यानंतर. शांतीनगर, इंदिरानगर यांसारख्या नदीकाठच्या वस्त्यांचे भवितव्य मुख्यतः मुळशी आणि पवना या धरणांतून येणाऱ्या पाण्यावर ठरते. तेथील गृहिणी दूरचित्रवाणीवर रात्रभर भिडे पूल पाहत बसली, तर तिच्या काळजात धडकी भरेल, परंतु सामान माळ्यावर केव्हा चढवावे हे तिला कळणार नाही. धानोरी, कळस, टिंगरेनगर या उंचावरच्या भागांचा प्रश्न आणखी निराळा. तेथे नदी येत नाही. डोंगरउतारावरून उतरणारे पाणी बुजलेल्या ओढ्यांमुळे रस्त्यावर येते. एकाच उपनगरात तीन प्रकारचे धोके आहेत आणि बातमी मात्र साऱ्या जिल्ह्यासाठी एकच.

लाल रंगाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एका लाल रंगाचा उल्लेख केला पाहिजे. नदीकाठच्या नकाशांवर पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘रेड अलर्ट’ प्रत्येकाला ठाऊक आहे. परंतु आपले घर लाल रेषेच्या आत आहे की बाहेर, हे किती जणांना सांगता येईल? पहिला लाल रंग एका दिवसाचे भय निर्माण करतो, दुसरा पन्नास वर्षांचा निर्णय घ्यायला लावतो. घर घेणे, कर्ज काढणे, शाळा बांधणे हे निर्णय त्या दुसऱ्या रंगावर अवलंबून असावयास हवेत, आणि नेमका तोच वर्तमानपत्रांत क्वचित दिसतो.

पत्ता चुकला म्हणजे काय होते, हे कोकणानेही अनुभवले आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. त्याआधी दोन दिवस सारी चर्चा मुंबईची चालली होती. वादळाने मुंबईला हुलकावणी दिली, तेव्हा ‘संकट टळले’ असा सुटकेचा निःश्वास पडद्यावरून टाकला गेला. त्याच वेळी श्रीवर्धन, मुरूड, दापोली येथील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या होत्या. छपरे उडाली होती, वीज आणि दूरध्वनी बंद होते. आपले दुःख सांगण्याचे साधनच ज्यांच्यापाशी उरले नव्हते, त्यांना इतरांच्या सुटकेची बातमी मिळत होती. आपण कोणाच्या गणतीत नाही, ही भावना वादळापेक्षा अधिक काळ टिकते. हवामानबदलाच्या भावनिक परिणामांची चर्चा करताना या उपेक्षेच्या वेदनेचाही हिशेब धरला पाहिजे.

भयाला वाट हवी

यावर एक आक्षेप असा येईल की लोकांना घाबरविल्याखेरीज ते हलत नाहीत. दुसरा अगदी उलट असेल. लोक घाबरतील, म्हणून कमी सांगावे. दोन्ही आक्षेप सारखेच चुकीचे आहेत. घबराट पसरेल या सबबीखाली माहिती रोखून धरण्याची किंमत नेहमी नदीकाठच्या माणसानेच मोजली आहे. नुसत्या घाबरविण्याने माणूस हलतो, हेही खरे नाही. ओडिशाचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ‘फायलिन’ हे तीव्र चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले आणि बळींची संख्या काही डझनांवर राहिली. मधल्या चौदा वर्षांत तेथे निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले आणि वादळाचा इशारा मिळताच कोणी कोठे जायचे हे ठरले. भय तेच होते. त्याला वाट मिळाली होती.

तेव्हा बातम्या कमी कराव्यात हा उपाय नव्हे. त्या पूर्ण कराव्यात हा उपाय होय. इशाऱ्याबरोबर मिलिमीटरचा आणि रंगाचा अर्थ छापावा. घाटमाथा आणि शहर वेगळे सांगावे. धरणाचे नाव, सोडलेले पाणी आणि ते पोचण्याची वेळ वस्तीच्या नावासह द्यावी. पूर ओसरल्यानंतर एक महिन्याने आणि एक वर्षाने त्याच गल्लीत बातमीदाराने पुन्हा जावे. नालेसफाईवर अंदाजपत्रकात किती तरतूद झाली आणि प्रत्यक्षात काय झाले, याचा ताळेबंद मे महिन्यात यावा, जुलैत नव्हे. यात थरार नाही, हे मान्य. परंतु वाचकाला ज्या बातमीचा उपयोग होतो तिच्यावर तो विश्वासही ठेवतो, आणि भावनांच्या आरोग्याला विश्वासाइतके पोषक दुसरे काही नाही.

वाचकाचाही यात वाटा आहे. शाळेच्या फळ्यावर दररोजचा पाऊस लिहिणारा शिक्षक, आपल्या प्रभागाचा पूररेषेचा नकाशा मागविणारा विद्यार्थी आणि तुंबलेल्या ओढ्याबद्दल महापालिकेला लेखी विचारणारा कारकून यांच्या चिंतेला काम मिळते. कामाला लागलेली चिंता माणसाला पोखरीत नाही. ती एकट्याची राहत नाही, हे त्याहूनही महत्त्वाचे.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दर वर्षी आळंदीहून निघते आणि विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. ती निघते ती नेमकी पावसाच्या तोंडावर. वारकऱ्याला पाऊस अनपेक्षित नसतो आणि त्याचे भयही नसते, कारण मुक्काम कोठे, पाणी कोठे आणि दिंडीत आपली जागा कोणती, हे त्याला आधीच ठाऊक असते. येणारी वर्षे अधिक उष्ण आणि अधिक बेभरवशाची असणार, हे शास्त्राने सांगितले आहे. पुढचा लाल इशारा येईल त्या रात्री मुळेकाठच्या वस्तीतील माणसाला आपला मुक्काम कोठे हे ठाऊक असेल की तो पुन्हा एकदा केवळ आभाळाकडे पाहील, हे मात्र शास्त्रावर अवलंबून नाही. ते त्याला आधी काय सांगितले गेले होते, यावर ठरणार आहे.